थोरलीचा शनिवार

थोरली जे बोलली त्यात तसं पाहिलं तर काहीच नव्हतं. मुलाखत घ्यायला आलेली बाई कारखाना बघता बघता मोठ्या इस्त्रीपाशी थांबली होती. दोन तापलेले लोखंडी रूळ, एका खोलीच्या रुंदीचे. ह्या बाजूने ओली चादर सरकवायची, त्या बाजूने ती कोरडी, सपाट, वाफाळत बाहेर पडते. सरकवायला दोन बायका लागतात. एक कोपरा हिच्या हातात, एक तिच्या, आणि दोघींचे हात एकाच क्षणी पुढे गेले पाहिजेत, नाहीतर चादर तिरकी ओढली जाते आणि मधोमध चुणी पडते. इथे सगळ्यांत जुनं कोण, असं त्या बाईने विचारलं तेव्हा सगळ्यांनी थोरलीकडे बोट दाखवलं. मग तिने विचारलं, "तुम्ही मॅडमना अगदी सुरुवातीपासून ओळखता? सगळ्यांपेक्षा जास्त कष्ट करायच्या का त्या?" थोरलीने हातातली चादर आत जाऊ दिली, पुढची उचलली आणि म्हणाली, "हो, खूप करायच्या बाई. आम्ही दोघी सारखंच करायचो. चादरीला दोन टोकं असतात ना." एवढंच. मुलाखतवाली हसली, तिने ते लिहून घेतलं की नाही ते दिसलं नाही, आणि ती धुण्याच्या यंत्रांकडे वळली. धाकटी तिच्यासोबत चालत राहिली, माहिती देत राहिली, एका वेळी किती किलो, किती पाणी, हॉस्पिटलच्या कपड्यांना किती तापमान. आणि आपण बोलतोय ते आपल्यालाच दुरून ऐकू येतंय असं तिला वाटत राहिलं, कानात पाणी गेल्यावर वाटतं तसं.

धाकटी हे काही तिचं नाव नव्हे, आणि आता त्या नावाने हाक मारणारंही कुणी उरलं नव्हतं. कारखान्यात ती बाई होती, समारंभांत मॅडम, घरी आई आणि आजी. पस्तीस वर्षांपूर्वी ती ज्या लाँड्रीत कामाला लागली तिथल्या मालकाला बायकांची नावं लक्षात राहत नसत. एकाच आठवड्यात लागलेल्या ह्या दोघींपैकी उंच होती तिला तो थोरली म्हणाला, बुटकी होती तिला धाकटी, आणि तेच चिकटलं. खरं म्हणजे धाकटीच सव्वा वर्षाने मोठी. ह्यावर दोघी सुरुवातीला हसायच्या. मालक ओरडला की थोरली हळूच म्हणायची, "मोठी बहीण आहे मी, आधी मला ओरडू दे त्याला." पुढे धाकटीची स्वतःची लाँड्री झाली, जुनी बंद पडली आणि थोरली तिच्याकडे कामाला आली, त्या पहिल्याच दिवशी चार बायकांसमोर ती "बाई" म्हणाली. धाकटीने तेव्हा मान वर करून पाहिलं होतं. काहीतरी म्हणायला हवं होतं. पण समोर गाडी भरायची होती, ड्रायव्हर खोळंबला होता, आणि ते राहून गेलं. बावीस वर्षं झाली त्याला.

मुलाखत आधीच, वरच्या केबिनमध्ये झाली होती. तिथे तिने नेहमीचं वाक्य सांगितलं होतं. मला जे मिळालं ते कष्टाने मिळालं, दुसरं काही गुपित नाही. हे वाक्य ती इतक्या वेळा बोलली होती की आता ते सही केल्यासारखं आपोआप उमटे. मुलाखतवाली वागायला नम्र होती, पण बावळट नव्हती. तिने नव्या घराचं विचारलं. सगळ्यांत वरचे दोन मजले, आणि एका अखंड दगडात कोरलेला आंघोळीचा टब, जो जिन्यातून येईना म्हणून क्रेनने बाहेरून वर चढवला तेव्हा रस्त्यावर लोक माना वर करून उभे होते. लोक म्हणतात एवढं कशाला, असं ती म्हणाली, जणू लोक म्हणजे दुसरेच कुणीतरी. धाकटीने शांतपणे सांगितलं होतं की घाम गाळलाय, चोरी केली नाही, कुणाचं ओरबाडून घेतलं नाही. एकेकाळी दोन बादल्या पाण्यात घरातल्या पाच जणांच्या आंघोळी उरकल्या आहेत. आता जरा सुखाने पाण्यात बसलं तर कुणाला का डाचावं? मुलाखतवालीने मान डोलावली होती. उत्तर चांगलं होतं. धाकटीला ते स्वतःलाही नेहमी पटायचं.

मुलाखतवाली गेल्यावर ती केबिनमध्ये येऊन बसली. काचेतून खाली इस्त्री दिसायची. थोरली एक पाय किंचित मागे घेऊन उभी होती, गुडघा दुखतो म्हणून. समोरची बाई तिच्या निम्म्या वयाची होती आणि थोरली तिच्याकडे न बघताच तिच्या हाताशी हात जुळवत होती. हे धाकटीला माहीत होतं, न बघता जुळवणं. जुन्या लाँड्रीत, त्या तळघरात, वाफेने समोरचं माणूसच दिसत नसे. भिंतींचे पोपडे ओले होऊन गळायचे, चपला चिखलातल्यासारख्या चपचप वाजायच्या, आणि पांढऱ्या धुरातून फक्त दोन हात पुढे यायचे, मनगटापर्यंत लाल. ते थोरलीचे हात. स्वतःच्या नवऱ्याचे हात धाकटीने इतके पाहिले नव्हते. पहिल्या महिन्यात दोघींच्या तळव्यांना फोड आले, मग ते फुटले, मग कातडी राठ झाली, आणि तिसऱ्या वर्षी बोटांची टोकं मेली. म्हणजे दिसायला धडधाकट, पण त्यांना काही कळेना. चहा कितीही उकळता असला तरी दोघी पेला सरळ बोटांत धरायच्या आणि नव्या बायका डोळे विस्फारायच्या. ती त्या दोघींची करामत होती. धाकटीने टेबलावरच्या कागदांवरून बोट फिरवलं. कागद आहे हे डोळ्यांना दिसत होतं म्हणूनच तो होता.

आणि मुलगा पोटात होता तेव्हाचे शेवटचे दोन महिने. ओल्या चादरींचं गाठोडं यंत्रातून काढून इस्त्रीपर्यंत आणायचं ते एकेकीने आळीपाळीने, असा नियम. त्या दोन महिन्यांत थोरलीने आळीपाळी बंद केली. काही न बोलता. धाकटी उठायला लागली की ती आधीच उठलेली असायची. मालकाच्या लक्षात आलं तेव्हा ती म्हणाली होती, माझ्या पाठीला बरं वाटतं उचललं की. तो मुलगा आता खालच्या मजल्यावर कानाला फोन लावून उभा होता, तिशी ओलांडलेला, भला माणूस, थोरलीशी अदबीने बोलणारा. थोरलीच्या हातांनी उचललेली ती गाठोडी त्याच्या आयुष्यात कुठे होती? तशी तर ती कुठेच नव्हती. गाठोडी उचलली गेली, चादरी वाळल्या, कुठल्या तरी पलंगावर अंथरल्या गेल्या, मळल्या, परत आल्या.

शनिवारची गोष्ट ती सगळीकडे सांगायची. दर शनिवारी दुपारी लाँड्री लवकर बंद व्हायची, पण बॉयलर निवेपर्यंत एका बाईने मागे थांबायचं असे. अशा एका शनिवारी हॉस्पिटलमधला, वॉर्डांची व्यवस्था बघणारा अधिकारी तणतणत आला. चाळीस चादरींवर गंजाचे डाग पडले होते आणि संध्याकाळी पाहणी व्हायची होती. बाकी सगळे घरी गेले होते, मी एकटी काम करत होते, असं धाकटी सांगायची. विझत आलेला बॉयलर तिने पुन्हा पेटवला, डाग हाताने घासून काढले, चादरी धुतल्या, आणि एकटीने मोठ्या इस्त्रीतून काढल्या, आधी हे टोक धरून, मग पळत जाऊन ते टोक धरून. अधिकारी स्टुलावर बसून बघत होता. चाळिसावी चादर झाल्यावर तो म्हणाला की तुमचा मालक आम्हाला फसवतोय, दुसरं कुणी हे काम घेणारं आहे का? आणि ती म्हणाली, मी घेईन. तिच्याकडे तेव्हा एक बादलीसुद्धा जास्तीची नव्हती. तिथून सगळं सुरू झालं. हॉस्पिटलच्याच मागच्या शेडमध्ये दोन जुनी यंत्रं, मग चार, मग हॉटेलं, मग हा कारखाना, मग आणखी तीन. ऐकणारे ह्या जागी हमखास टाळ्या वाजवायचे. सगळं खरं होतं. एक शब्द खोटा नव्हता. फक्त तो शनिवार थोरलीचा होता, एवढं ती सांगत नसे. त्याच्या पुढच्या शनिवारी धाकटीची नणंद मुलाबाळांसकट येणार होती, म्हणून तिने थोरलीला विचारलं होतं, ह्या शनिवारी मी थांबते, पुढच्या तू थांब. थोरली म्हणाली होती, थांब की. बस्स. नणंद नेमकी पुढच्या शनिवारी आलीच नाही. तिच्या धाकट्याला कांजिण्या निघाल्या.

हे तिने लपवलं नव्हतं. लपवण्यासारखं काय होतं त्यात? सांगताना ते मध्ये येत नसे, इतकंच. आणि त्यानंतरचं तिचं तिलाच अजून नीट बघवत नव्हतं. शेड मिळाल्यावर ती थोरलीला विचारायला गेली होती, हे खरं. पण विचारलं कसं? तुझा नवरा असा अंथरुणावर, तुला रात्री-अपरात्री यंत्रं बघायला यायला जमेल का गं, असं. प्रश्नातच उत्तर घालून. थोरली तिच्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, नाही जमायचं. धाकटीला जिना उतरताना हलकं वाटलं होतं. हलकं वाटलं हे तेव्हा कळलं नव्हतं, ते आत्ता कळत होतं, काचेपाशी उभं राहून.

संध्याकाळी घरी तिने टबात पाणी सोडलं. पाणी किती गरम आहे ते बोटांना कळत नसल्यामुळे ती नेहमी कोपर बुडवून बघायची, तान्ह्या बाळाच्या आंघोळीला बघतात तसं. मग आत बसली. दगड पाठीला गार लागला आणि हळूहळू कोमट झाला. तिने स्वतःशी वाद घालून पाहिला. मी जास्त जागले. यंत्र बंद पडलं की पहाटे तीनला धावले, पहिली दहा वर्षं सलग चार तास झोपले नाही. मग आठवलं की थोरलीच्या नवऱ्याला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीतून चार वेळा कुशीवर वळवावं लागायचं, चौदा वर्षं, तो जाईपर्यंत, आणि सकाळी सातला ती इस्त्रीपाशी हजर असायची. मी जोखीम घेतली. हो, घेतली. मी डोकं चालवलं. हो. पण मी कधी म्हटलं नाही की डोकं चालवलं म्हणून मिळालं. मी म्हटलं कष्टाने. डोक्याचं म्हटलं असतं तर टाळ्या कमी पडल्या असत्या का? ती हिशोबात हुशार होती. पण हा दगड म्हणजे थोरलीच्या पगाराची किती वर्षं, हा हिशोब ती करायला गेली नाही. तिला रडू येईल असं वाटत होतं. रडू आलं नाही. राग आला नाही. थोरलीवर तर नाहीच. कुठेतरी काहीतरी दुखायला हवं होतं आणि ती अंगभर ते शोधत होती, दात काढल्यावर जिभेने हिरडी चाचपावी तसं, आणि सगळीकडे बधिर लागत होतं.

जेवताना मुलाने सांगितलं की नवं यंत्र पुढच्या महिन्यात येतंय. चादर आपोआप पकडून, ताणून इस्त्रीत सरकवणारं. त्याच्या कागदांवर तिनेच मागच्या आठवड्यात सही केली होती. इस्त्रीवरच्या बारा जणींपैकी एकजण पुरणार होती, बटणं दाबायला. बाकीच्यांना नियमाप्रमाणे सगळं मिळेल, जास्तच देऊ, असं तो म्हणाला, आणि तो देणार हे तिला माहीत होतं. थोरलीसाठी निरोपाचा छोटासा कार्यक्रम करू, तू दोन शब्द बोल, असंही म्हणाला. सून म्हणाली की त्यांना एखादं चांगलं घड्याळ द्यावं. धाकटीने विचारलं, "घड्याळ कशाला? आता कुठे वेळेवर जायचंय तिला?" दोघं हसले. ती विनोद करत नव्हती.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला साप्ताहिक सुटी होती. दुपारी दीडच्या सुमारास ती थोरलीच्या घरी गेली. ड्रायव्हरला गाडी लांब उभी करायला सांगितली आणि चालत गेली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. थोरलीचा मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता, आणि त्यावरून थोरली कारखान्यात सगळ्यांना हसवायची, की माझा मुलगा अख्ख्या गावाला वर नेतो आणि आईला चालवतो. धाकटी प्रत्येक मजल्यावर थांबली. सगळ्या दारांबाहेर चपला होत्या. शेवटची इथे आले ती थोरलीचा नवरा गेला तेव्हा, आणि तेव्हाही गाडी खाली चालू ठेवली होती, हे तिला आठवलं.

थोरलीने दार उघडलं, क्षणभर बघितलं आणि म्हणाली, "धाकटे, ये आत." इतक्या सहज, जणू मधली बावीस वर्षं ती फक्त कामाचे कपडे घातल्यासारखी बाई म्हणत होती आणि आता सुटीच्या दिवशी ते काढून ठेवले होते. दोन खोल्या. एका भिंतीला लोखंडी पलंग, ज्यावर नवरा होता तोच, आता नीट झाकलेला. थोरलीने चहा ठेवला. पेला धाकटीने कडेने धरला, बशीत ठेवून. थोरलीने सरळ बोटांत धरला. गुडघ्याचं बोलणं झालं, सुनेच्या नोकरीचं झालं, खालच्या मजल्यावरच्या माणसाने पाण्याची टाकी कशी अडवून ठेवली आहे ते झालं. मग धाकटीने यंत्राचं सांगितलं. थोरलीला ते माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. यंत्र बसवणारी माणसं मोजमाप घेऊन गेली तेव्हाच बायकांनी ओळखलं होतं. थोरली म्हणाली की बरंच झालं, ती नवी पोरगी हात वेळेवर पुढे घेत नाही, तिच्यापेक्षा यंत्र बरं.

धाकटीने मग घराचं काढलं. नव्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, लिफ्ट असलेलं, थोरलीच्या नावावर. हे बोलायची तिने गाडीत तयारी केली होती. थोरली नको म्हणेल, मग आपण आग्रह करू, ती रागावेल कदाचित, भीक नको म्हणेल, कदाचित रडेल, मग आपणही. ह्या सगळ्याला तिच्याजवळ उत्तरं होती. थोरलीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आतल्या खोलीला खिडकी आहे का?"

आहे, असं धाकटी म्हणाली. थोरलीने विचारलं, पाणी दिवसभर येतं का. येतं. मग ती म्हणाली, "दे. घेईन मी. नको कशाला म्हणू?"

ती आभार मानायचं विसरली नव्हती, तिला ते सुचलंच नव्हतं, हे धाकटीला दिसलं. एखादीने कोपरा पुढे केला की दुसरीने धरायचा, तसं तिने ते धरलं होतं. धाकटी बसून राहिली. आता बरं वाटेल अशी ती वाट बघत होती. रस्त्यावर कुणीतरी गाडीचा भोंगा वाजवत होतं, थांबून थांबून. मग तिने ते सांगून टाकलं, पेल्यात बघत, की तो शनिवार तुझा होता. आठवतं का?

थोरलीला आठवत होतं. ती दुपार अचानक मोकळी मिळाली म्हणून ती शेजारणीला नवऱ्यापाशी बसवून सिनेमाला गेली होती. एकटी. आयुष्यात एकदाच एकटी गेली. सिनेमात काय होतं ते तिला आठवत नव्हतं, पण आतली गार हवा आठवत होती, आणि मध्यंतरात दोन वेळा काहीतरी घेऊन खाल्लं ते. चांगला गेला तो शनिवार, ती म्हणाली. मग म्हणाली की चादरी मी असते तरी धुतल्या असत्या, पेटवला असता बॉयलर, त्यात काय. पण त्या माणसाने विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, सोमवारी मालकांना सांगते. मी घेईन असं माझ्या तोंडून निघालंच नसतं.

धाकटीच्या छातीतून काहीतरी सुटल्यासारखं झालं. ती पुढे सरकून म्हणाली, मग झालं तर. थोरलीने पेला खाली ठेवला.

"मग बोललीस म्हणून मिळालं म्हण," ती म्हणाली. "धीर केला म्हणून म्हण. नशीब म्हण. काय वाटेल ते म्हण धाकटे, पण कष्टाचं म्हणू नकोस. कष्ट म्हटलं की मी पण त्यात येते."

थोरलीने सांगितलं, आवाज न चढवता, थोडं हसतच, की मागच्या वर्षी तो सत्कार झाला, त्यातलं भाषण मुलाने फोनवर पाहिलं. जेवायला बसले होते सगळे. बाई म्हणत होत्या, जो कष्ट करतो त्याला मिळतंच. मुलगा घास घेता घेता म्हणाला, मग आई, तू इतकी वर्षं नक्की करत काय होतीस? चेष्टेतच म्हणाला. सून हसली, नात हसली, मीही हसले. "पण मला तेव्हा उत्तर देता आलं नाही गं," ती म्हणाली. "अजून येत नाही. तेवढं वाक्य काढ. घर नाही दिलंस तरी चालेल."

दोन्ही करते, असं धाकटी म्हणाली. जिना उतरताना कठडा धरला होता, पण तो हाताला लागत नव्हता. गाडीत बसल्याबरोबर तिने मुलाखतवालीला फोन लावला. तिला वाटलं होतं आता उशीर झाला असेल, छापायला गेलं असेल, आणि तसं असतं तर एक प्रकारे बरं झालं असतं. पण मुलाखतवाली म्हणाली की पान अजून हातात आहे, पाच वाजेपर्यंत काहीही बदलता येईल. ते वाक्य तर तिने मथळ्यालाच घेतलं होतं, तरी हरकत नाही. मग तिने विचारलं, "त्याऐवजी काय लिहू, मॅडम? कशामुळे मिळालं असं लिहू?"

धाकटीने तोंड उघडलं. धीर केला म्हणून, असं म्हणता आलं असतं. पण दुसऱ्याच्या शनिवारी केलेला धीर. नशिबाने म्हणावं, तर पहाटे तीनला शेडमध्ये गुडघाभर पाण्यात उभी असलेली बत्तीस-तेहतीस वर्षांची एक बाई तिच्याकडे बघायला लागली, आणि त्या बाईला नशीब कसं म्हणायचं? बोलले म्हणून, हे हास्यास्पद वाटलं. नणंदेच्या मुलाला कांजिण्या निघाल्या, हे छापतील का? वाक्यं येत होती आणि प्रत्येकाचा एक कोपरा कुणीतरी धरलेला होता, दुसरा लोंबत होता. तिकडे मुलाखतवाली वाट बघत होती. शेवटी धाकटी म्हणाली की विचार करून कळवते. पाचच्या आत हं मॅडम, असं ती म्हणाली.

ड्रायव्हरने आठवण करून दिली की तीन वाजता गालिच्यांच्या दुकानात जायचं ठरलं होतं, घर सजवणाऱ्या बाईंनी वेळ घेतली होती. जाऊ या, असं धाकटी म्हणाली. घरी गेलो तर तिथे बसून वाक्य शोधावं लागेल, त्यापेक्षा बरं. दुकान लांबलचक, थंड, आवाज गिळून टाकणारं होतं. विक्रेता पन्नाशीचा, हळू बोलणारा, बोटं एकमेकांत गुंतवून उभा राहणारा. त्याने एकावर एक गालिचे उलगडून दाखवले आणि प्रत्येकाचं वेगळं कौतुक केलं. शेवटचा गडद लाल होता, दिवाणखान्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत पुरेल एवढा. त्याने त्याचा कोपरा उलटा करून मागच्या गाठी दाखवल्या आणि म्हणाला की हा विणायला चार बायका तीन वर्षं बसल्या होत्या, रोज, एकही दिवस न चुकता. म्हणूनच ह्याची किंमत तशी आहे. त्याच्या आवाजात अभिमान होता. धाकटीने खाली वाकून गाठींवरून हात फिरवला. गाठी इतक्या बारीक होत्या की डोळ्यांनाही एक एक वेगळी दिसत नव्हती. त्या बायकांना काय मिळालं, असं तिच्या ओठांवर आलं, पण तो ते कसं सांगू शकणार? तो दुकानात नोकरीला होता.

विक्रेता म्हणाला की मॅडमबद्दल त्याने वाचलं आहे, अगदी शून्यातून. एवढे कष्ट केल्यावर अशी वस्तू घरात असायलाच हवी, ज्याने केलं त्याने उपभोगावं. धाकटीने त्याच्याकडे पाहिलं.

"आम्ही दोघी होतो," ती म्हणाली.

"अच्छा," विक्रेता म्हणाला. दाराकडे एक नजर टाकून त्याने अदबीने विचारलं, "दुसऱ्या मॅडम येणार आहेत का? त्यांना दाखवून मग ठरवायचं असेल तर थांबू या आपण."

"थांबू या," धाकटी म्हणाली.

त्याने एक खुर्ची आणून ठेवली, आणि शेजारी आणखी एक, रिकामी. ती बसली. चार वाजून गेले होते. दुकानातली माणसं उलगडलेले गालिचे परत गुंडाळू लागली, फक्त तो लाल तसाच ठेवला. काचेबाहेर लोक पिशव्या घेऊन जात होते, कुणी आत बघत नव्हतं. कसला तरी विचार करायचा आहे हे तिला माहीत होतं, तो पाचच्या आत करायचा आहे हेही माहीत होतं, आणि ती अगदी शांतपणे बसली होती, दाताच्या डॉक्टरकडे इंजेक्शन चढायची वाट बघत बसतात तशी. विक्रेत्याने पाणी आणून दिलं. मधूनमधून तो दाराकडे बघायचा, तीही बघायची. खरंच कुणी आलं असतं तर तिला नवल वाटलं नसतं. पर्सचा पट्टा खांद्यात रुतत होता. एकदा तिने ती मांडीवर घेतली, पण तिथेही जड वाटली. जरा वेळाने तिने पर्स उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवली. पाच वाजायला आले तेव्हा आत फोन वाजला आणि वाजून थांबला.

"नाही येणार त्या," ती विक्रेत्याला म्हणाली. "हाच पाठवून द्या."